मशीन तेच, मालक दर सात महिन्यांनी नवा

तिसरी_पाळी | सोमवार, १२ जानेवारी २०२६, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत व्हीएमसी (धातूचे पार्ट कापणारं कॉम्प्युटरवालं मशीन) ऑपरेटर आहे. सातपूरच्या आयटीआयमधून मशिनिस्ट केलं, वर्षभर अप्रेंटिस होतो, तेव्हापासून ठेक्यावर. कंपनीचं नाव विचारू नका. गाड्यांचे पार्ट बनवते एवढं सांगतो, म्हणजे निम्मी अंबड आली त्यात.

गेल्या महिन्यात वडिलांना अँजिओप्लास्टी सांगितली. पीएफमधून उचल घ्यावी म्हणून पासबुक उघडलं. सहा वर्षं मी एकाच शेडमध्ये, एकाच मशीनवर उभा आहे. तिचं कूलंट कुठून गळतं ते झोपेत सांगेन. पासबुकात मात्र मी नऊ नोकऱ्या केलेल्या! नऊ मेंबर आयडी, पाच ठेकेदार. त्यातले दोन ठेकेदार म्हणजे एकच माणूस, एकदा स्वतःच्या नावावर आणि एकदा मेव्हण्याच्या. सात महिने झाले की ब्रेक. दहा-बारा दिवस घरी बसायचं, मग नवा फॉर्म, नवे दोन फोटो, नवा गेटपास, आणि परत तेच मशीन. जुन्या ठेकेदारांनी नोकरी सोडल्याची तारीखच भरली नाही, त्यामुळे जुन्या खात्यांतले पैसे आताच्या खात्यात वळत नाहीत. हातात आले ते फक्त शेवटच्या पाच महिन्यांतले. बाकी व्याजाने उचलले.

ठेकेदाराला विचारलं तर म्हणे, "मी तुला जूनपासून ओळखतो, आधीचं मला काय विचारतो?" एचआरकडे गेलो तर, "तुम्ही आमचे एम्प्लॉयी नाही, ठेकेदाराशी बोला." सुपरवायझर रोज टार्गेट देतो, एक खाडा झाला तर आईबहीण काढतो. तो म्हणतो, "माझ्या हातात काय आहे भो?" म्हणजे शिव्या घालताना तिघंही मालक, आणि सही करायची वेळ आली की कोणीच नाही.

तर प्रश्न एवढाच. माझा मालक कोण? तुमच्याकडे काय चालू आहे तेही लिहा.

---

सिडकोकर | मंगळवार, १३ जानेवारी, सकाळी ८:१०

भाऊ, तुझा मालक म्हणजे ते मशीन. तेच फक्त सहा वर्षं बदललं नाही.

मस्करी सोड. माझ्या धाकट्या भावाचं डिट्टो. त्याच्या ठेकेदाराने वरून अजून एक कला केलीय. पगार बँकेत पूर्ण येतो, किमान वेतनाप्रमाणे एकदम स्वच्छ. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ठेकेदाराचा पोरगा उभा. प्रत्येकाने एटीएममधून काढून ठरलेली रक्कम त्याच्या हातात द्यायची. कागद बघाल तर आदर्श आस्थापना.

---

गोदाकाठचा | १३ जानेवारी, सकाळी ९:३०

+१. वाचतोय. ते कार्डच ठेकेदाराकडे ठेवून घेण्याचा प्रकारही आहे, बाहेरगावच्या पोरांच्या बाबतीत जास्त.

---

शंकासूर | १३ जानेवारी, सकाळी ११:०२

नेहमीचं रडगाणं. सहा वर्षं तिथंच का राहिलात? व्हीएमसी येते तर पुण्यात चाकणला जा, जास्त मिळेल. परमनंट झालेली माणसं काय काम करतात ते सातपूरमध्ये कुठेही जाऊन बघा. अर्धा दिवस कॅन्टीनमध्ये. म्हणून तर कंपन्या ठेक्यावर घेतात.

---

तिसरी_पाळी | १३ जानेवारी, दुपारी ४:२५

@शंकासूर, चाकणला दोन महिने राहून आलो साहेब. तिथंही ठेकेदारच होता. खोलीचं भाडं गेल्यावर जास्तीचे म्हणाल तर अकराशे उरायचे, आणि वडील इकडे एकटे.

---

कोर्टाची_पायरी | १३ जानेवारी, रात्री ९:४०

कामगार न्यायालयात वकिली करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सात महिनेच का, सहा किंवा नऊ का नाही? औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये कलम २५ब होतं. मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरले की सेवा 'सलग' धरतात. मग माणसाला काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांची भरपाई. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत (म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींची नियमावली) तर २४० दिवस भरलेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करा, असं सरळ लिहिलेलं होतं. आता सात त्रिक २१. २१० दिवसांत गडी बाहेर. हे गणित कोणत्याही ठेकेदाराच्या कारकुनाला पाठ असतं.

पोरं मात्र कार्ड पंच केलेलेच दिवस मोजतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलंय की रविवार आणि पगारी सुट्ट्याही २४० मध्ये धरायच्या.

आता कोणी म्हणेल, ब्रेकनंतर पुन्हा तिथंच घेतलं तर मागच्या बारा महिन्यांत दिवस भरतीलच की. भरतात! म्हणून तर ठेकेदार बदलतात. दिवस तुमचे भरतात, पण एकाच्या नावावर भरत नाहीत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, जुने २९ कायदे त्यांत गेले. तोटा असा की स्थायी आदेश आता ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथेच. आमच्याकडे ही मर्यादा ५० होती. अंबडमधल्या किती शेडमध्ये ३०० माणसं आहेत ते तुम्हीच सांगा. फायदा म्हणाल तर नियुक्तीपत्र प्रत्येकाला द्यायचं, नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता करायचा, आणि ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. तुम्हाला सात महिन्यांचं गिऱ्हाईक केलंय, त्यामुळे तेही वर्ष पुरं होत नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर उद्या देते. मुलाची परीक्षा आहे.

---

जुना_बिल्ला | बुधवार, १४ जानेवारी, सकाळी ६:५५

संक्रांतीच्या शुभेच्छा सगळ्यांना.

मी सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालो, बारा वर्षं युनियनच्या कमिटीवर होतो. पोरा, तुझा लेख वाचून रात्री झोप लागली नाही. कारण आहे.

आमच्या वेळी दर तीन वर्षांनी वेतन करार व्हायचा. मागणीपत्र द्यायचं, मॅनेजमेंट नाही म्हणायची, गेटसभा, मग बोलणी. एका कराराच्या वेळी मॅनेजमेंटने सांगितलं की पगारवाढ तुमच्या मनासारखी देतो, पण यापुढे भरती ठेक्यावर. आम्ही आत बसलेले सात जण होतो. एकानेही विचारलं नाही की त्या ठेक्यावरच्या पोरांचं काय. आम्हाला वाटलं, येतील, राबतील, जड कामं त्यांच्याकडे जातील, बरंच आहे. सही केली. बाहेर येऊन पेढे वाटले. त्या पेढ्यांची चव अजून तोंडात आहे आणि ती गोड नाही.

निवृत्त झालो तेव्हा लाईनवर परमनंट मोजके उरलेले, बाकी सगळी गेटपासवाली पोरं. त्यातल्या एकाला मी तीन वर्षं काम शिकवलं. मला ग्रॅच्युइटीचा चेक मिळाला त्याच आठवड्यात त्याला ब्रेक मिळाला.

शंकासूर यांचं एक खरं आहे, आमच्यातले काही जण कॅन्टीनमध्ये बसायचे. पण त्यांची शिक्षा या पोरांना कशी काय झाली, हे मला अजून कळलेलं नाही.

---

डावा_हात | १४ जानेवारी, दुपारी १:१५

लिहू की नको करत होतो.

प्रेसशॉपला होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहतात. पण दोन्ही हात बटणावर, तर पार्ट लावायचा-काढायचा वेळ वाढतो. तासाचं टार्गेट बसत नाही. म्हणून एक बटण दाबलेल्या अवस्थेत तारेने बांधून टाकतात. मी बांधलं नव्हतं, मी जॉईन झालो तेव्हाच बांधलेलं होतं. सुपरवायझर रोज त्या तारेसमोर उभा राहून काऊंट घ्यायचा.

डबल मारून राहिलो होतो, म्हणजे दुसरी पाळी करून तिसरीला थांबलेलो. पहाटे साडेचारला डाव्या हाताची दोन बोटं गेली.

पुढचं ऐका. गाडीत बसवल्यावर मला पहिलं वाक्य कोणी बोललं असेल तर, "दवाखान्यात विचारलं तर घरी कडबा कुट्टीत गेलं म्हण." मी सिडकोत एका खोलीत राहतो. कडबा कुट्टी कुठून आणू? आणि परत आलो तेव्हा दोन्ही बटणं मोकळी, तार गायब, वरून सुरक्षिततेचा नवा बोर्ड.

मला हे माहीत नव्हतं की ईएसआयमध्ये (कामगारांचा सरकारी विमा) कामावरच्या अपघाताला पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं, आजारपणासारखी ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागत नाही. बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के मिळतात. पण त्यासाठी अपघात कामावर झाला असा कागद मालकाने द्यावा लागतो. तिथंच अडलं. कंपनी म्हणे ठेकेदार देईल, ठेकेदार म्हणे कंपनीच्या मशीनवर झालं, कंपनी देईल. तीन महिने गेले. शेवटी त्या पाळीतल्या दोघांनी साक्ष दिली म्हणून मिळालं. त्या दोघांना पुढच्या ब्रेकनंतर परत घेतलं नाही. त्यांच्याकडे बघवत नाही मला.

आता वॉचमन आहे. बारा तास ड्युटी, कागदावर आठ.

---

सिडकोकर | १४ जानेवारी, दुपारी २:००

...

काय बोलू दादा. त्या दोघांना माझा नमस्कार सांगा.

---

कागदोपत्री | १४ जानेवारी, रात्री १०:३०

मी एचआरमध्ये काम करते (अंबड नाही, गोंद्याच्या बाजूला). धाग्यात मला शिव्या पडणार हे गृहीत धरून लिहिते.

'तुम्ही आमचे एम्प्लॉयी नाही' हे वाक्य मीही म्हटलंय. आम्हाला ते म्हणायलाच शिकवतात. कंत्राटी कामगार आमच्या माणसांच्या यादीत नसतो. तो खरेदी खात्याच्या हिशोबात असतो, कॅन्टीनचं बिल, झाडांना पाणी घालण्याचं बिल, त्याच रांगेत 'मनुष्यबळ पुरवठा' असं बिल येतं, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. माझ्या साहेबांचं वर्षाचं मूल्यमापन यादीतली माणसं किती कमी केली यावर होतं. त्यामुळे खर्च वाचला नाही तरी चालतं, यादी लहान दिसली पाहिजे. गंमत वाटेल, पण काही ठिकाणी ठेकेदाराचं कमिशन आणि माणसं बदलल्याने होणारं रिजेक्शन धरलं तर परमनंट माणूस स्वस्त पडेल. हे मी एकदा कागदावर मांडून दाखवलं. "छान आहे" म्हणाले आणि फाईल परत दिली.

ब्रेकची यादीही माझ्याकडून जाते. दर महिन्याच्या २० तारखेला संगणक लाल रंगात नावं दाखवतो, ज्यांचे सात महिने होणार त्यांची. पहिल्या वर्षी मी ती नावं वाचायचे. आता रंग बघून पुढे पाठवते. माझंही घराचं कर्ज आहे.

---

शंकासूर | गुरुवार, १५ जानेवारी, सकाळी १०:२०

प्रेसशॉपचं वाचून मीही गप्प झालो. ते गुन्हा आहे, त्यावर वाद नाही. बाकी मुद्द्यांवर मी आहे तिथंच आहे.

---

शेड_नंबर_चार | १५ जानेवारी, रात्री ११:१५

दुसरी बाजू यावी म्हणून. सातपूरला माझं छोटं वर्कशॉप आहे, २३ माणसं. इथं सगळे 'मालक, मालक' म्हणून राहिले, म्हणून सांगतो मालकाची काय मजा आहे ते.

माझं गिऱ्हाईक म्हणजे धागाकर्त्याच्या कंपनीसारखी कंपनी. तिचं गिऱ्हाईक गाडी कंपनी. २००६ चा कायदा म्हणतो की लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या. आयकरात तर आता तरतूद आहे की मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरायला मिळणार नाही. तरी माझी बिलं चार-चार महिने लटकतात. तक्रार करायला पोर्टल आहे. करा की! पुढच्या महिन्यात ऑर्डर शेजारच्या शेडमध्ये. वरून दर वर्षी पत्र येतं, 'किमतीत कपात अपेक्षित'. स्टीलचा भाव मी ठरवत नाही, विजेचा ठरवत नाही. उरतं काय? माणूस.

मी पगार ७ तारखेच्या आत देतो, कर्ज काढून देतो. पीएफ भरतो. पण कोणाला परमनंट करायची माझी छाती होत नाही, कारण पुढच्या तिमाहीत काम असेल का ते मलाच माहीत नसतं. आणि माणसंही पाचशे रुपये जास्त मिळाले की न सांगता पळतात, तेही लिहा कोणीतरी.

---

जुना_बिल्ला | शुक्रवार, १६ जानेवारी, सकाळी ७:०५

@शेड_नंबर_चार, तुमची तक्रार आणि तिसरी_पाळीची तक्रार शेजारी ठेवून वाचली. तक्रार केली तर काम जाईल, म्हणून तक्रार करायची नाही. शब्द न् शब्द तोच. फक्त तुम्ही त्याच्याशी तेच वागता जे वरचा तुमच्याशी वागतो, आणि तुमच्याकडे शेडचा उतारा आहे, त्याच्याकडे गेटपास.

---

शेड_नंबर_चार | १६ जानेवारी, सकाळी ९:४०

काका, हे लागलं. पण २३ माणसांचा पगार द्यायला लागतो तेव्हा कळतं. असो.

---

द्राक्षवेल | १६ जानेवारी, रात्री ८:५०

इथं सगळे एमआयडीसीवाले दिसतात. मी निफाड तालुक्यातून. पॅकहाऊसला सीझनभर असते, जानेवारी ते एप्रिल. आमच्यात ठेकेदार म्हणत नाहीत, मुकादम म्हणतात, बाकी गोष्ट तीच. पेठ-सुरगाण्याच्या बायका टोळीने येतात, त्यांना तर कुठल्या बागेत आणि कोणाच्या पॅकहाऊसला चाललोय हेही गाडीतून उतरल्यावर कळतं. मजुरी मुकादमाच्या हातात, त्यातून पिकअपचं भाडं आधीच कापलेलं. द्राक्ष परदेशात जायचं म्हणून डोक्याला टोपी, हातात मोजे, नखं तपासतात, कानातलं काढून ठेवायला लावतात. एका मण्याला डाग पडू नये याची एवढी काळजी! साठ बायकांना संडास किती, तर एक. गिऱ्हाइकाचे लोक तपासणीला येतात त्या दिवशी दुसऱ्याचंही कुलूप उघडतं.

मुकादम वाईट माणूस नाही हो. आजारी पडले तेव्हा उचल दिली त्याने. पण ती उचल फेडेपर्यंत दुसरीकडे जाता येत नाही.

---

मी_आयटीवाला | १६ जानेवारी, रात्री १०:१०

आमच्याकडेही हेच आहे. शनिवारीही कॉल, सुट्टीचा अर्ज तीनदा परत, आणि अप्रेझलला 'तुमची दृश्यमानता कमी आहे'. शोषण सगळीकडेच.

---

सिडकोकर | १६ जानेवारी, रात्री १०:२५

@मी_आयटीवाला, तुमच्या दृश्यमानतेसाठी दोन मिनिटं शांतता पाळू. पण तारेने बांधलेलं बटण आणि शनिवारचा कॉल एका मापाने नका मोजू राव.

---

संपादक | १६ जानेवारी, रात्री ११:००

दोन प्रतिसादांतली कंपन्यांची नावं काढली आहेत. अनुभव लिहा, नावं नकोत. व्यक्तिगत शेरेबाजी टाळा.

---

गोदाकाठचा | शनिवार, १७ जानेवारी, सकाळी १०:००

अवांतर होईल, पण सरकारचंही बघा. गेल्या पावसाळ्यात गडकरी चौकाकडून जाताना आदिवासी विकास भवनासमोर आश्रमशाळांचे रोजंदारी कर्मचारी बिऱ्हाड आंदोलन करत बसलेले दिसायचे. वर्षानुवर्षं शिकवणाऱ्यांच्या जागा बाहेरच्या एजन्सीतून भरायच्या, याला त्यांचा विरोध. भर पावसात पातेली, पोरंबाळं, सगळं बिऱ्हाड रस्त्यावर. कामगार कायदे सांभाळायचे ज्यांनी, तेच ठेकेदार शोधायला निघाले तर अंबडच्या शेडमालकाला कोण काय बोलणार?

---

कोर्टाची_पायरी | १७ जानेवारी, दुपारी ३:३०

परीक्षा झाली, आता राहिलेलं उत्तर.

मालक कोण? दोघंही. कंत्राटी कामगार कायदा १९७० पासून 'मुख्य मालक' हा शब्द आहे. ज्याच्या आवारात, ज्याच्या कामासाठी तुम्ही राबता तो मुख्य मालक. ठेकेदाराने पगार बुडवला तर मुख्य मालकाने द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करून घ्यायचा. नव्या संहितेतही ही जबाबदारी ठेवली आहे. पीएफ आणि ईएसआयच्या वर्गणीचंही तेच. तेव्हा 'तुम्ही आमचे नाही' हे पगार थकला की कंपनीला म्हणता येत नाही. तुमचे अर्ज ठेकेदाराच्या नावाने जातात म्हणून जिरतात. कंपनीच्या नावाने द्या, प्रत ठेकेदाराला. पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा.

दुसरं, नोकरी सोडल्याची तारीख. २०२० पासून ती सभासदाला स्वतः भरता येते. त्या खात्यात शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झालेले हवेत आणि आधारला जोडलेला मोबाईल चालू हवा. ठेकेदाराच्या पाया पडायची गरज नाही. तारखा भरा, मग एकेक खातं आताच्या खात्यात वर्ग करा.

तिसरं, बोनस. वर्षात ३० दिवस काम केलेल्यालाही किमान ८.३३ टक्के बोनस लागू आहे, ठेक्यावर असला तरी. दिवाळीला चिवड्याचा पुडा देऊन तो फिटत नाही.

आणि पगाराच्या चिठ्ठ्या, गेटपास, हजेरीचे फोटो, काहीही जपून ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांकडे तिथं काम केल्याचा एक कागद नसतो.

---

कागदोपत्री | १७ जानेवारी, दुपारी ४:१५

वकीलताईंच्या शेवटच्या ओळीला पुष्टी. ब्रेकच्या दिवशी गेटपास सगळ्यात आधी का जमा करून घेतात असं वाटतं तुम्हाला? आदल्या दिवशीच फोटो काढून ठेवा. हे मी लिहिलं नाही असं समजा.

---

तिसरी_पाळी | मंगळवार, २० जानेवारी, रात्री ११:४०

सगळ्यांचे आभार. वकीलताई, तुम्ही सांगितलं तसं परवा रात्री बसलो. आठ जुन्या खात्यांपैकी सहांची तारीख अर्ध्या तासात भरली गेली! सहा वर्षं ज्यासाठी ठेकेदारांच्या ऑफिसबाहेर चपला झिजवल्या ते मोबाईलवर होतं हे कोणीच सांगितलं नव्हतं. स्वतःचाच राग आला.

राहिली दोन खाती. एकात माझ्या नावात घोळ. दुसऱ्यात चार महिने पैसे कापले, पण भरलेच नाहीत. आणि त्या ठेकेदाराकडे मी कंपनीचा १२ टक्के वाटाही माझ्याच पगारातून देत होतो, ते बँकेचे आकडे जुळवल्यावर कळलं. सातपूरच्या पीएफ ऑफिसला गेलो, लेखी तक्रार घेतली. दर महिन्याच्या २७ तारखेला त्यांचं तक्रार शिबिर असतं, तिथंही जाणार आहे.

ग्रॅच्युइटीचंही गणित मांडून बघितलं. एकाच मालकाकडे सहा वर्षं दिसली असती, तर पंधरा हजार धरून वर्षाला साडेआठ हजारांच्या वर, म्हणजे पन्नास हजारांहून जास्त झाले असते. अँजिओप्लास्टीसाठी मी व्याजाने काढले ते साठ.

कंपनीच्या नावाने अर्ज दिलाय. आवक खिडकीवरच्या माणसाने शिक्का मारताना दोनदा माझ्याकडे बघितलं. आज सात महिने पूर्ण, उद्यापासून ब्रेक. गेटपासचा फोटो काढलाय.

---

डावा_हात | बुधवार, २१ जानेवारी, सकाळी ६:२०

परत घेतील असं वाटतं का?

---

तिसरी_पाळी | २१ जानेवारी, सकाळी ९:१०

बघू.

---

सिडकोकर | शनिवार, ३१ जानेवारी, रात्री ९:००

धागा वर आणतोय. काय झालं भाऊ?

---

तिसरी_पाळी | सोमवार, २ फेब्रुवारी, रात्री ११:२०

घेतलं. पण कसं ते ऐका.

दहा दिवस फोन नाही. अकराव्या दिवशी सुपरवायझरचाच फोन. माझ्या मशीनवर नवीन पोरगं लावलं होतं, त्याने तीन दिवसांत चाळीस पार्ट रिजेक्ट केले आणि एक टूल तोडलं. बिचाऱ्याची चूक नाही, त्याला कोणी शिकवलंच नाही. गाडी कंपनीचा माणूस येऊन बसला होता. म्हणजे मला परत घेतलं ते अर्जामुळे नाही आणि कायद्यामुळेही नाही. ते चाळीस पार्ट पावले.

नवा ठेकेदार, नवा फॉर्म. त्यात रकाना: पूर्वीचा अनुभव. ठेकेदाराचा कारकून म्हणाला, "फ्रेशर लिही, सगळे तेच लिहितात." मी लिहिलं सहा वर्षं, आणि पुढे ह्याच कंपनीचं नाव. त्याने व्हाईटनर लावून फॉर्म परत दिला. मी व्हाईटनर सुकायची वाट बघितली आणि त्यावरच परत लिहिलं. तेवढ्यात आतून सुपरवायझर ओरडला की मशीन थांबलंय, पाठवा त्याला, कागद नंतर बघा.

२७ तारखेला शिबिरात जाऊन आलो. चार महिन्यांच्या पैशांबद्दल कंपनीला पत्र जाणार आहे म्हणाले. ठेकेदाराला नाही, कंपनीला.

@डावा_हात, तुमच्या त्या दोघांपैकी कोणी काम शोधत असेल तर निरोप द्या. आमच्याकडे प्रेसला माणूस हवाय. दोन्ही बटणं मी स्वतः बघून आलोय, मोकळी आहेत. आज तरी.

---

डावा_हात | मंगळवार, ३ फेब्रुवारी, सकाळी ६:०५

निरोप देतो. त्या फॉर्मची झेरॉक्स घेतलीस का?

---

तिसरी_पाळी | ३ फेब्रुवारी, दुपारी ३:५०

घेतली. दोन.